जपून ठेवलेला कॅमेरा आणि कोकणची हवा

कोकणातल्या जुन्या घरांत कॅमेरा सापडायच्या जागा ठरलेल्या: माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, नाहीतर शिसवी कपाटाचा सगळ्यात वरचा खण. कुणा चाकरमान्याने गणपतीत मुंबईहून आणलेला, बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री, एखादा याशिका, एखादा सोव्हिएत झेनिट. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात, कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीत दोन डांबरगोळ्या. एवढा बंदोबस्त असूनही बाहेर काढावा तर लेन्समध्ये कोळिष्टकं, शटर मख्ख, आणि मागचं झाकण उघडताच बोटांना काळा चिकटा. ‘जुना झाला, चालायचंच’ म्हणून तो पुन्हा माळ्यावर जातो. पण यात वयाचा हात थोडाच. इथला कॅमेरा बिघडतो तो हवेतल्या वाफेने, आणि तो जपायच्या आपल्या बहुतेक युक्त्या वाफेलाच सामील असतात. चामडं ओल धरून ठेवतं आणि वर बुरशीला खाऊ घालतं. जुलैत बंद केलेल्या पिशवीत जुलैची हवाच कोंडली जाते. डांबरगोळी झुरळांना पळवत असेल, दमटपणाचं ती काहीही करत नाही.

आधी लेन्स. तपासायची पद्धत सोपी आहे: मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबून असेपर्यंत ते उघडं राहतं) ठेवून बटण दाबून धरा, लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र पूर्ण उघडा आणि पुढून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. सरळ मारला तर डोळे दिपतात, दिसत काही नाही. तिरप्या उजेडात धूळ ठिपक्यांसारखी चमकते, तेलाची वाफ बसलेली असेल तर सगळीकडे सारखं धुकं दिसतं, आणि बुरशी असेल तर एका बिंदूतून बाहेर फांद्या फुटत गेलेले, केसाहून बारीक तंतू दिसतात. या बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच, लेन्समध्येही ते आधीपासून असतात. त्यांना रुजायला काच लागत नाही. काचेवरच्या धुळीतला सेंद्रिय अंश, बोटाचा तेलकट ठसा, ग्रीसची वाफ एवढं पुरतं. आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा हलत नसली, की काम सुरू.

खरं नुकसान तंतूंमुळे होत नाही, ते पुसता येतात. वाढताना बुरशी आम्लं सोडते, आणि ती काचेवरचा लेप खातात. हा लेप किती नाजूक ते आकड्यांत पाहू. हवेतून काचेत शिरताना, किंवा काचेतून बाहेर पडताना, प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. टेसार पद्धतीच्या साध्या चार भिंगांच्या लेन्समध्ये हवेला लागलेले सहा पृष्ठभाग असतात. म्हणजे लेप नसेल तर २० टक्क्यांहून जास्त प्रकाश वाटेतच परतणार. तो नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं. पण तो आतल्या आत उड्या मारत फिल्मवर भलतीकडे जाऊन पडतो आणि फोटोतले काळे भाग राखाडी करतो. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर तोड काढली, ती म्हणजे काचेवर एका पातळ थराचा लेप. त्यासाठी पुढे मॅग्नेशियम फ्लोराइड सर्रास वापरलं गेलं. थराची जाडी हिरव्या प्रकाशाच्या त्या थरातल्या तरंगलांबीच्या पाव पट ठेवली, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. ही जाडी भरते साधारण १०० नॅनोमीटर, मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. त्यात आम्लाने नक्षी कोरली की ती कुठल्याही द्रवाने पुसली जात नाही.

म्हणून साफसफाई लवकर करावी आणि हलक्या हाताने करावी. दुरुस्ती करणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात मिसळून कापसाने लावतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत, आणि ब्लीचची बाटली त्या खोलीतसुद्धा नको. भिंग काढण्याआधी त्याची पुढची बाजू कोणती ते कडेला खूण करून ठेवावं. उलटं बसलेलं भिंग नीट बसल्यासारखंच दिसतं, फोटो आले की मग कळतं. ‘उन्हात ठेवली की बुरशी जाते’ हे अर्धं खरं. अतिनील किरणांनी ती मरू शकते, पण मेलेले तंतू तिथेच राहतात, आणि आतल्या भिंगापर्यंत ते किरण पुरेसे पोचतही नाहीत.

उन्हाचा खरा उपयोग दुसऱ्याच दुखण्यावर. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असे. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर सुपर ताकुमारचं उदाहरण प्रसिद्ध आहे. थोरियममुळे प्रकाश जास्त वळतो पण रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून ते घालत. मात्र त्याच्या किरणोत्सारामुळे काचेच्या रचनेत दोष साठत जातात आणि काही दशकांत लेन्स चहासारखी पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ते दोष भरून निघतात, काच पुन्हा स्वच्छ होते. अंगणात आंबोशी आणि कोकमं वाळत घालायच्या दिवसांत लेन्सही उन्हात ठेवावी, काही दिवस ते काही आठवडे. फक्त मागे झाकण लावून, खाली ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून, आणि नजरेसमोर. आग लावायला भिंगच लागतं हे शाळेतच शिकलोय आपण, आणि शेजारी गवताची गंजी असतेच.

आता धातू. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला सांगावं लागत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की वाफ ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवणची हवा दिवसच्या दिवस या रेषेच्या वर असते. खाऱ्या वाऱ्याने कॅमेऱ्यावर आणून टाकलेला मिठाचा प्रत्येक कण तेव्हा खारट पाण्याचा थेंब होतो. त्या थेंबात पितळेचं चाक, ॲल्युमिनियमची बॉडी आणि पोलादी स्क्रू एकत्र भिजले की छोटा विद्युत घटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी उरते. मग स्क्रू हलत नाहीत. इथे घाई नको. स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा टाचणीने एकच थेंब सोडावा, रात्रभर थांबावं, तरीही अडला तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक क्षणभर टेकवावं. आणि जपानी कॅमेऱ्याला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लावू नये. त्यांच्या स्क्रूंची फुली जपानी मापाची, थोडी वेगळी असते. आपला स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं घासून टाकतो.

शटर अडकलं की घरोघरी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली निघते. तिला तिथेच ठेवा! लेन्समधल्या शटरची पाती अतिशय पातळ पत्र्याची, एकमेकींवर सरकणारी, आणि कोरडीच चालायची असतात. दोन पात्यांच्या फटीत तेल केशाकर्षणाने पसरतं आणि पृष्ठताणाने पाती चिकटून बसतात. अनेकदा शटर अडकायचं कारणच हे असतं: वर्षानुवर्षं उष्णतेने आतल्या ग्रीसमधलं तेल सुटून पात्यांवर आलेलं. उपाय म्हणजे लायटरचं पेट्रोल, नॅफ्था. थोडं थोडं लावायचं, शटर चालवायचं, टिपायचं, पुन्हा. सावकाश वेगांसाठी आत घड्याळासारखं दातेरी चाक आणि अडकण असते. एका सेकंदावर ठेवून कान लावला तर तिची सलग घरघर ऐकू येते. घरघर मध्येच अडखळली की मळ तिथे आहे. वेग मोजायचा तर मोबाइलचा सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन पुरतो, पण १/३० सेकंदापर्यंतच. तेव्हा उघडं शटर आठ चित्रांत दिसायला हवं. १/५०० किंवा १/१००० साठी फोटोडायोड, म्हणजे उजेड टिपणारा छोटा इलेक्ट्रॉनिक सुटा भाग, लावावा लागतो.

झाकणाच्या खाचांतला काळा चिकटा म्हणजे प्रकाश अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम. वाफेशी अभिक्रिया होऊन त्याच्या साखळ्या तुटतात. दातकोरणी आणि अल्कोहोलने खरवडून तिथे काळी लोकर बसवली तरी काम भागतं.

प्रकाशमापक असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत पाऱ्याची १.३५ व्होल्टची बटणबॅटरी असे. ती आता बंद झाली. दीड व्होल्टची घातली तर मापक बहुधा खोटं सांगतो. श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास देते, ती त्याला मानवते. तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळून जाते.

एवढं करून कॅमेरा परत चामड्याच्या कव्हरात ठेवला तर पुढच्या पावसाळ्यानंतर हीच कामं पुन्हा. गावोगावचे फोटोग्राफर कपाटात कमी वॉटचा बल्ब पेटता ठेवत, ती युक्ती भौतिकशास्त्राला धरून आहे. २८ अंशांवर ९० टक्के आर्द्र असलेली हवा ३४ अंशांपर्यंत तापवली, की तेवढ्याच वाफेची आर्द्रता साधारण ६४ टक्के भरते. मिठाच्याही खाली, बुरशीच्याही. मात्र आता तसे बल्ब शोधावे लागतात, कारण एलईडी पुरेसा तापत नाही. त्यापेक्षा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात वाफ शोषणारं सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नये. तांदूळ फार थोडी वाफ शोषतो आणि पीठ मात्र लेन्सच्या कडेत सोडतो.

एसीची खोली हा नवा धोका. त्याच २८ अंशांच्या, ९० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, सुमारे २६ अंशांवर असतो. २४ अंशांच्या खोलीतला कॅमेरा थेट मालवणच्या जेटीवर नेला, की बाहेरच्या काचेवर तर दव धरतंच, आतल्या भिंगांवरही धरतं, आणि आतलं लवकर सुकत नाही. बाहेर काढण्याआधी तो खोलीतच बंद पिशवीत घालावा, पिशवी पडवीत अर्धा-पाऊण तास राहू द्यावी, मगच उघडावी.