वार्धक्यशास्त्र शिकायचे आहे? पात्रता, प्रवेश अर्ज, कागदपत्रे आणि पुढची कामे

जेरोंटॉलॉजी, म्हणजे वार्धक्यशास्त्र, हा म्हातारपणाचा आणि वृद्धांच्या प्रश्नांचा अभ्यास. तो शिकायचे ठरवलेले विद्यार्थी आधी बीए-बीएस्सीच्या विषयांच्या यादीत ते शोधतात. तिथे ते जवळपास सापडतच नाही, आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. तो सोडू नये. आपल्याकडे या क्षेत्रात थेट पदवीने शिरणारे थोडे. आधी समाजकार्य, परिचर्या (नर्सिंग), फिजिओथेरपी, वैद्यक, मानसशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र यांपैकी एखादा पाया पक्का करायचा आणि मग वृद्धांच्या कामाकडे वळायचे, हीच इथली रूढ वाट आहे. कोणता पाया घेता, त्यावर पात्रता ठरते, प्रवेश परीक्षा ठरते आणि कागदपत्रेही ठरतात.

गरज किती आहे, हे सांगायला २०११ची जनगणना पुरेशी आहे. त्या वर्षी देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. या लोकांसाठी शिकलेली माणसे मात्र फार कमी आहेत. म्हणून जो विद्यार्थी मनापासून इकडे येऊ पाहतो, त्याचा अर्ज एका कागदापायी अडता कामा नये.

बारावीनंतर

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी परिचर्या ही सर्वात भक्कम वाट, असे माझे मत आहे. बीएस्सी नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची स्वतंत्र नर्सिंग सीईटी द्यावी लागते. पदवी आणि परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली की भारतीय परिचर्या परिषदेच्या धर्तीवरचा वृद्ध परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे राज्यातले प्रवेश नीट-यूजी या राष्ट्रीय वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. पडून मोडलेला खुबा किंवा पक्षाघातानंतरचा हात पुन्हा चालता करणारी माणसे ही, त्यामुळे त्यांना काम शोधत हिंडावे लागत नाही.

कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांनी समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा गृहविज्ञानातला मानव विकास या विषयात पदवी घ्यावी. दहावी-बारावीनंतर लगेच कमवायचे असेल तर आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेचे वृद्ध काळजी सहायक किंवा जनरल ड्युटी असिस्टंट हे अभ्यासक्रम आहेत. ते काही महिन्यांचे असतात आणि त्यांच्या जोरावर रुग्णालयात किंवा घरी जाऊन शुश्रूषेचे काम मिळते. मात्र 'सरकारमान्य' अशी पाटी पाहून पैसे भरू नका. प्रमाणपत्र कोणत्या परिषदेचे आणि परीक्षा कोण घेणार, हे संस्थेकडून लेखी घ्या.

पदवीनंतर

कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला, जाता येते. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन ही जुनी नावे आहेत. तिथल्या अभ्यासात क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थेत जाऊन केलेले प्रत्यक्ष काम, असते. ते वृद्धाश्रमात, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या दिवसभराच्या केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात मागून घ्यावे, कारण पुढे नोकरीच्या मुलाखतीत याच अनुभवाबद्दल विचारतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इथे एक चूक वारंवार होते: परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे संस्थेचाही भरला, असा समज. संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिची मुदतही वेगळी असते.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा विचार करावा. देशातल्या वार्धक्याची सर्वात मोठी पाहणी, 'लासी', याच संस्थेने केली. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ व त्याहून जास्त वयाची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात गोळा झाली. अशा पाहण्यांना प्रशिक्षित माणसे कायम लागतात.

एमबीबीएस झालेल्यांसाठी नीट-पीजीतून वृद्धवैद्यकातील, म्हणजे वृद्धांच्या आजारांवरच्या उपचारातील, एमडी आहे. भारतात तो चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात प्रथम सुरू झाला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा वृद्धवैद्यकातील पदव्युत्तर डिप्लोमाही एमबीबीएसनंतरच करता येतो. गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना तो उपयोगी आहे, पण त्याने एमडी होत नाही, हे आधीच समजून घ्या. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतली दिल्लीची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था वृद्धसेवेचे प्रशिक्षण देते. तिच्या सूचना संकेतस्थळावर येतात, त्यावर लक्ष ठेवावे.

कागदपत्रे: अर्ज इथेच अडतात

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि सही हे सगळ्यांना ठाऊक असते. अडचण पुढच्या गोष्टींत येते.

पहिली नावाची. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम उलटा, कधी वडिलांचे नाव गायब. अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंदीची प्रत जवळ ठेवावी.

दुसरी गोष्ट आरक्षणाच्या दाखल्यांची, आणि ती सर्वात महत्त्वाची. केंद्रीय संस्थेत अर्ज करताना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तिथे चालत नाही. बहुतेक ठिकाणी तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा हवा असतो, आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांना लागू नाही. तिथे अर्ज करणाऱ्या मराठा विद्यार्थ्यांनी अटीत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढावा. त्यात आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर मालमत्तेच्याही अटी आहेत: पाच एकर किंवा अधिक शेती, अथवा एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका असलेले कुटुंब त्यात बसत नाही. उलट राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांना राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याला महिने लागू शकतात. बारावीत असतानाच त्याचा अर्ज जात पडताळणी समितीकडे गेलेला बरा. तहसील कार्यालयात मे-जूनमध्ये झुंबड असते, त्यामुळे उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला 'आपले सरकार' किंवा सेतू केंद्रातून त्याआधीच काढा.

तिसरी, मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमांची. त्यांना आता डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी खाते, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचे ऑनलाइन खाते असावे लागते. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. घर सांभाळताना, आजारी सासू-सासऱ्यांचे करताना ज्यांची वर्षे गेली, अशा बायका या अभ्यासक्रमांकडे येतात. त्यांनी खंड लपवू नये. तो अनुभव मुलाखतीत स्पष्टपणे सांगावा, कारण या विषयात तो खरोखरच मोलाचा आहे.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा. बँक खाते आधारशी जोडलेले असावे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही, म्हणून जागा स्वीकारण्याआधी ती कोणत्या कोट्यातली आहे ते विचारा.

काम कुठे मिळते

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष आणि खालच्या केंद्रांवर वृद्धांसाठी ठरावीक दिवशी तपासणी अशी रचना आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यातले प्रादेशिक केंद्र आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, पुनर्वसन कार्यकर्ता ही पदे बहुधा कंत्राटी असतात, आणि जाहिरात जिल्हा परिषद किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर येते.

समाजकार्य शिकलेल्यांसाठी २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा पाठ असणे ही मोठी जमेची बाजू आहे. महाराष्ट्रात निर्वाह न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी पाहतात. तिथे दाद मागायला आलेल्या वृद्धांना अर्ज कसा लिहावा हे सांगणारी माणसे स्वयंसेवी संस्थांना हवी असतात. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन, हेल्पेज इंडिया, डिग्निटी फाउंडेशन, पुण्यातली जनसेवा फाउंडेशन, फेस्कॉम या राज्यातल्या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ, घरपोच शुश्रूषा देणाऱ्या कंपन्या, ज्येष्ठांच्या वसाहती ही कामाची आणखी काही ठिकाणे. घरी जाऊन करायच्या कामासाठी पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र जवळपास सगळीकडे मागतात, ते आधीच काढून ठेवा. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. नोंदणीकृत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची स्थिती नुसता डिप्लोमा असलेल्यांपेक्षा बरी असते, म्हणूनच आधी पाया पक्का करा असे मी सुचवते.

परदेशात जायचे असेल तर

अभ्यासासाठी अमेरिकेत वार्धक्यशास्त्राच्या स्वतंत्र पदव्या आहेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची लिओनार्ड डेव्हिस स्कूल १९७५पासून हा विषय शिकवते. आपल्या विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट (सर्व विषय-गुणांचा अधिकृत उतारा) मिळायला वेळ लागतो, तो धरून चाला. आणि अशी पदवी घेतली म्हणून तिथे परिचारिकेचा परवाना मिळत नाही.

नोकरीसाठी जपानची 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा योजना भारतीयांना खुली आहे. वृद्धसेवेसाठी तिथे जपानी भाषेची परीक्षा, शुश्रूषेतल्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कौशल्य परीक्षा अशा तिन्ही द्याव्या लागतात. भाषेसाठी नेटाने काही महिने द्यायची तयारी असेल तरच तिकडे वळा. नेणाऱ्या एजंटाचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून जास्त मागितले तर पैसे देऊ नका आणि पासपोर्टही त्याच्या हाती सोपवू नका.