पुढच्या पोर्टमागे काय दडलंय?

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला मागे सहा-आठ यूएसबी पोर्ट असतात आणि पुढे जेमतेम दोन. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, फोनची केबल, हेडसेट, सगळ्यांची गर्दी मात्र त्या पुढच्या दोनांवरच. मग एकतर टेबलाखाली वाकून मागे चाचपडत बसायचं, नाहीतर पुढे आणखी पोर्ट बसवायचे. कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची किंवा जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची जागा रिकामी असेल, तर तिथे बसणारं तयार पॅनेल मिळतं. चार स्क्रू, एक केबल, काम संपलं. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी.

पॅनेलवरच्या पोर्टला स्वतःचं असं फारसं काही नसतं. तो किती वेगाने चालेल आणि किती करंट देईल, हे मागची केबल ठरवते, आणि ती केबल मदरबोर्डवर जिथे खोचली जाते ते हेडर, म्हणजे उभ्या पिनांचा छोटा गट, ठरवतं. त्यामुळे पॅनेल आणायच्या आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडून कोणतं हेडर रिकामं आहे ते बघावं. उघडण्यापूर्वी भिंतीतला प्लगच काढावा. नुसतं शटडाउन करून भागत नाही, कारण संगणक बंद असतानाही अनेक मदरबोर्डवर यूएसबीच्या पिनांवर ५ व्होल्ट असतात.

सगळ्यात जास्त दिसतं ते यूएसबी २.० चं नऊ पिनांचं हेडर. पाच-पाच पिनांच्या दोन ओळी आणि एका कोपऱ्यातली पिन मुद्दाम गाळलेली. एकेक ओळ म्हणजे एकेक पोर्ट: आधी ५ व्होल्ट, मग डेटाच्या दोन पिना, मग ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची पिन. तारांचे रंगही बहुतेक वेळा ठरलेले, लाल, पांढरा, हिरवा, काळा. गाळलेली पिन ही खूण असते. केबलच्या टोकाला त्याच जागचं भोक बुजवलेलं असतं, म्हणजे उलटं घालताच येत नाही. पुढच्या ऑडिओच्या हेडरलाही नऊच पिना, पण तिथे गाळलेली पिन दुसरी, त्यामुळे तिथेही चूक होता होता वाचते. खरा धोका जुन्या मदरबोर्डवरच्या फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच दुसऱ्या एका जोडणीच्या) हेडरचा. आकार तोच, गाळलेली पिनही तीच, फक्त यूएसबीचं ग्राउंड जिथे असतं तिथे चक्क १२ व्होल्ट! केबल सुखाने बसते आणि मग पोर्ट, त्यात लावलेलं उपकरण, कधी मदरबोर्डसुद्धा जातो. हेडरशेजारी छापलेली बारीक अक्षरं टॉर्च मारून वाचण्याचा कंटाळा करू नये, तो यासाठी.

एका नऊ पिनी हेडरवर दोनच पोर्ट चालतात. चार पोर्टांचं पॅनेल एकाच हेडरला जोडलं जात असेल, तर आत हबची, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारी, चिप हवी. यूएसबीत एका पोर्टवर एकच उपकरण थेट बोलू शकतं, म्हणून तारा नुसत्या समांतर जोडून पोर्ट वाढत नाहीत. चिप असेल तर सगळे पोर्ट चालतात, पण वेग आणि करंट आपसात वाटून घेतात. की-बोर्ड, माउस, प्रिंटर यांना त्याने काही फरक पडत नाही.

खरी गंमत यूएसबी ३.० पासून सुरू होते. २००० साली आलेल्या २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ च्या ३.० चा ५ गिगाबिट. तारेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. २.० मध्ये एक बिट सुमारे दोन नॅनोसेकंद टिकतो, म्हणजे तारेवर तो ४० सेंटिमीटर जागा व्यापतो. ३.० मध्ये एका बिटाच्या वाट्याला येतात फक्त ४ सेंटिमीटर. मदरबोर्डपासून पुढच्या पोर्टपर्यंतच्या ६० सेंटिमीटर केबलमध्ये एका वेळी पंधरा बिट एकामागोमाग धावत असतात. या मापात केबलमधली घट्ट घडी, जोडापाशी उलगडलेला तारांचा पीळ, सैल बसलेला कनेक्टर, सगळंच जाणवू लागतं. अशा प्रत्येक ठिकाणी सिग्नलचा थोडा भाग उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो.

हे बिघडलं तरी आपल्याला लगेच कळत नाही, ही यातली खोच. ३.० च्या पोर्टात २.० च्या चार तारा तशाच ठेवून जलद वेगाच्या पाच वेगळ्या तारा घातलेल्या असतात. जलद तारांवर सूर जुळला नाही की उपकरण गुपचूप जुन्या तारांवर येतं. पेन ड्राइव्ह दिसतो, फायली उघडतात, फक्त मोठी फाइल कॉपी करताना वेग सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या पुढे सरकत नाही. दोष पेन ड्राइव्हला दिला जातो. तोच पेन ड्राइव्ह मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून बघावा. तिथे पळाला तर दोषी पुढची केबल. पोर्टाच्या आतलं निळं प्लास्टिक ही ३.० ची खूण, पण तिच्यावर माझा तरी भरवसा नाही.

३.० साठी हेडरही वेगळं, १९ पिनांचं. दोन पोर्टांच्या नऊ-नऊ तारा आणि एक जादा. त्याची केबल जाड आणि ताठ, पिना मात्र नाजूक. काढताना तिरकं ओढलं की पिन वाकलीच म्हणून समजा. १९ पिनी केबल नऊ पिनी हेडरला जोडणारा अडॅप्टर मिळतो, पण त्याने वेग २.० चाच मिळतो. पुढे टाइप-सी हवा असेल तर त्याचं आणखी निराळं हेडर लागतं.

मदरबोर्डवर १९ पिनी हेडरच नसेल तर मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डांसाठीच्या खाचेत, बसणारं आणि असं हेडर असलेलं कार्ड घेता येतं. छोट्या, एका लेनच्या (डेटाच्या एकाच मार्गाच्या) स्लॉटची दुसऱ्या पिढीतली क्षमता सेकंदाला ५०० मेगाबाइट, म्हणजे कागदोपत्री एका ३.० पोर्टाइतकीच (तारेवर एका बाइटला दहा बिट लागतात). दोन जलद डिस्क एकदम लावल्या तर ती वाटली जाणार.

आता करंट. २.० च्या पोर्टाला ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ला ९०० देता आले पाहिजेत, असं मानक सांगतं. स्वस्त पॅनेलच्या केबलमध्ये वीज वाहणारी तार २८ गेजची, म्हणजे बारीक, निघाली, तर तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम. ६० सेंटिमीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे १.२ मीटर, पाव ओहम. ९०० मिलिअँपिअरला तिथेच ०.२३ व्होल्ट गळतात. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, ५ व्होल्टला मुळातच पाच टक्के कमी-जास्त व्हायची मुभा असते. त्याने ४.७५ दिले तर पोर्टापाशी उरले ४.५२, आणि कनेक्टरमधली गळती अजून धरलेलीच नाही. पेन ड्राइव्हला हे चालतं. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र फिरायला लागताना क्षणभर जास्त करंट ओढते. ती टकटक आवाज करून नाहीशी होते आणि आपण डिस्क गेली म्हणून घाबरतो. त्यामुळे पुढे डिस्क लावायची असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वीज घेणारं पॅनेल किंवा कार्ड घ्यावं. एवढी उस्तवार नको असेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला बाहेरचा हब मागच्या ३.० पोर्टाला लावून टेबलावर ठेवावा. दिसायला तो गबाळा, पण माझं मत त्यालाच.

पुढच्या बाजूला ३.० चे पोर्ट आल्यावर कधीकधी वायरलेस माउस अडखळू लागतो. ५ गिगाबिटच्या सिग्नलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो आणि बहुतेक वायरलेस माउस-कीबोर्ड त्याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ साली मोजमापं घेऊन हे मांडलं होतं. शेजारच्या पोर्टात जलद डिस्क काम करत असताना माउसचा डोंगल, म्हणजे त्याचा पोर्टात लावायचा छोटा रिसीव्हर, जवळपास बहिरा होतो. अशा वेळी डोंगल मागच्या २.० पोर्टात हलवावा, नाहीतर छोट्या एक्स्टेंशन केबलने कॅबिनेटपासून थोडा लांब, माउसजवळ आणावा.