लठ्ठपणा आणि वरच्या पचनमार्गाची शस्त्रक्रिया (नागपूर परिसर)

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग (आद्यांत्र) यांच्या आजारांवरील शस्त्रक्रिया, तसेच याच अवयवांची रचना बदलून लठ्ठपणा व टाइप 2 मधुमेह यांवर केली जाणारी शस्त्रक्रिया, अशी मिळून ही शाखा बनते. नागपुरात धंतोली, रामदासपेठ भागांतल्या अनेक रुग्णालयांत दोन्ही कामे एकच सर्जन करतो. ते योग्यच आहे, कारण जठर एकच असते आणि एका आजारासाठी त्यावर केलेली कापाकापी दुसऱ्या आजाराच्या वेळी आडवी येऊ शकते.

लठ्ठपणाच्या ऑपरेशनमध्ये ‘चरबी काढतात’ हा समज सर्रास आढळतो. त्वचेखालची चरबी काढणे, म्हणजे लायपोसक्शन, हे प्लॅस्टिक सर्जनचे काम. त्याचा हेतू शरीराला आकार देणे एवढाच असतो. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणारा, म्हणजे बॅरिॲट्रिक, सर्जन जठर लहान करतो किंवा अन्नाची वाट वळवतो. वजन त्यानंतर वर्ष-दीड वर्ष उतरत राहते.

या शस्त्रक्रियेचे मूळ अल्सर आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियांत आहे. व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी 29 जानेवारी 1881 रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आद्यांत्राला यशस्वीपणे जोडले. त्याच शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील लोझानचे सर्जन सेझार रू यांनी आतड्याची ‘वाय’ आकाराची जोडणी रूढ केली. आजच्या बायपासमध्ये, म्हणजे अन्नाची वाट वळवणाऱ्या शस्त्रक्रियेत, हीच जोडणी वापरतात. पुढे आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन घटते आणि सहसा परत चढत नाही. एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याचा उपचार ठरू शकतो, हे ओळखून त्यांनी 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास सुरू केली.

गंमत अशी, की अल्सरचे नियोजित ऑपरेशन स्वतः मात्र जवळजवळ संपले. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले (2005 चे नोबेल), आणि ओमेप्रॅझोलसारख्या आम्लरोधक गोळ्या आल्या. आता अल्सरचा रुग्ण टेबलावर येतो तो मुख्यतः जठर किंवा आद्यांत्र फुटल्यावर, तातडीने. आणि त्यामागे पुष्कळदा सांधेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या गोळ्या असतात. सावजी रश्श्यावर उगाच खापर फुटते. झणझणीत तर्रीने जळजळ वाढेल, पण अल्सरचे कारण ती नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हे सारे सोपे नव्हे, पण सुसह्य केले. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. 1994 मध्ये अमेरिकेतून दुर्बिणीतल्या बायपासचे पहिले वृत्त प्रसिद्ध झाले. नागपूरचे नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना 2011 मध्ये त्यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून या विषयाची बरीच चर्चा झाली.

सध्या दोन प्रकार सर्वाधिक होतात. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या, मोठ्या वक्राकडचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्टेपलरने कापून कायमचा काढतात; केळ्याएवढी नळी उरते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराचा वरचा, साधारण 30 मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचे जठर पोटातच राहते, पण अन्न तिथे जात नाही. बायपासनंतर मधुमेह कधीकधी वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत आटोक्यात येतो. आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांतला बदल हे त्याचे एक मोठे कारण. मात्र मधुमेह ‘बरा झाला’ म्हणणे घाईचे ठरते. तो शमतो, आणि जुना, इन्सुलिनवर असलेला मधुमेह कमी शमतो.

शस्त्रक्रिया कोणाला करावी, हे बीएमआयवरून, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून, ठरते. अमेरिकेत 1991 मध्ये ठरलेली मर्यादा 40, आणि सोबत मधुमेहासारखा आजार असल्यास 35 अशी होती. भारतीयांत कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून इथे 37.5 आणि 32.5 हे आकडे वापरात आले. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणली आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत मात्र अजून 40 आणि 35 हेच आकडे आहेत. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी 37.5 आणि 40 मधला फरकसुद्धा जवळपास 7 किलोंचा. म्हणजे डॉक्टरच्या लेखी ऑपरेशनला पात्र असलेला रुग्ण विमा कंपनीच्या लेखी अजून पुरेसा लठ्ठ नसतो! हा विरोधाभास मिटायला हवा, कारण खर्चाचा प्रश्न इथेच अडतो.

लठ्ठपणा सोडला तर या शाखेत येणारे नेहमीचे आजार म्हणजे श्वासपटलाच्या छिद्रातून जठर छातीत सरकणे (हायटस हर्निया) व त्यासोबतचे आम्ल वर येणे, अन्ननलिकेचे खालचे तोंड न उघडणे (अकॅलेशिया), ॲसिड प्यायल्याने अन्ननलिका आकसणे, आणि कर्करोग. हर्नियात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. ही रुडॉल्फ निसेन यांची 1950 च्या दशकातली पद्धत. अकॅलेशियात अन्ननलिकेचा स्नायू चिरतात, आणि 2008 पासून तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपनेही (कॅमेरा असलेल्या लवचिक नळीनेही) ते होऊ लागले आहे.

विदर्भात कर्करोगाचा विचार खर्ऱ्याला वगळून होत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा हा पदार्थ तोंडाचा कर्करोग करतो हे लोकांना आता ठाऊक आहे. सुपारी-तंबाखूने अन्ननलिकेचाही कर्करोग होतो, हे कमी ठाऊक आहे. घन घास अडकू लागणे ही त्याची पहिली खूण. पाण्याच्या घोटाने घास उतरतो म्हणून रुग्ण महिनोन्महिने चालवून घेतो, आणि पाणीही अडकू लागल्यावर मेडिकलला (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला पोचतो. खर्रा दुसऱ्या मार्गानेही आड येतो. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते आणि तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा रुग्णाला, त्यात लठ्ठ आणि आखूड मानेच्या, भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे हेच पहिले अवघड काम होऊन बसते. म्हणून इथे भूलतज्ज्ञ अहवाल चाळण्याआधी ‘आ करा’ म्हणतो.

आता सुरुवातीचा मूळ मुद्दा, एका आजारासाठीची कापाकापी दुसऱ्या वेळी आडवी येण्याचा. अन्ननलिका काढावी लागली तर तिच्या जागी बहुधा जठराचीच नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात. ही नळी जगते ती मोठ्या वक्राकडच्या रक्तवाहिनीवर. स्लीव्हमध्ये नेमका तो भाग गेलेला असतो. मग मोठ्या आतड्याचा तुकडा वापरण्यासारखे अवघड पर्याय उरतात. बायपासमध्ये पोटात राहिलेल्या जठरापर्यंत नेहमीचा एंडोस्कोप पोचत नाही, त्यामुळे तिथली गाठ उशिरा कळू शकते. स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास वाढू शकतो, आणि गुंडाळण्यासाठी लागणारा जठराचा वरचा भागही उरलेला नसतो. अशांपैकी काहींना पुढे बायपास करावी लागते. म्हणूनच ‘साधी ॲसिडिटी आहे’ असे सांगणाऱ्या लठ्ठ माणसाची आधी एंडोस्कोपी करतात. मोठा हर्निया किंवा अन्ननलिकेला जखमा दिसल्या, तर स्लीव्हपेक्षा बायपास बरी. वर्षानुवर्षे खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत हा विचार पूर्वतयारीचा औपचारिक भाग समजून उरकू नये.

पूर्वतयारीत थायरॉईड, झोपेतला श्वासरोध आणि पित्ताशयातले खडे तपासतात. यकृत आकसावे म्हणून आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. विदर्भात सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही हवी, कारण शरीर कोरडे पडणे, थंडी आणि प्राणवायूची कमतरता या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेच्या झटक्यात लोटू शकतात.

अनुभवी हातांत मृत्यूचा धोका कमी, हजारात एक ते तीन असा असतो. शिवणीतून गळती, रक्तस्राव आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या हे सुरुवातीचे धोके. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी रुग्णाला चालवतात. आधी द्रव, मग घोटलेले, मग मऊ अन्न असा महिनाभराचा क्रम असतो. इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. नवे जठर घटाघटा पाणी घेऊ शकत नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. घोट-घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेले पाहिजे. निवड हातात असेल तर दिवाळीनंतरचे महिने बरे. शाकाहारी घरांत रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने भरणे हेही वरण-पोळीवर जमत नाही. पनीर, ताक, सोयाबीन आणि बहुधा प्रथिनांची पावडर लागते. लोह, कॅल्शियम, ड आणि बी-12 ही पूरके मात्र जन्मभराची.

आठवड्याला एक सुई टोचायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही औषधे आता भारतातही मिळतात आणि वजन चांगले उतरवतात. बंद केली की बरेचसे परत येते. मोठ्या लठ्ठपणात शस्त्रक्रिया अजून पुढे आहे, पण काठावरचे रुग्ण या औषधांकडे वळतील असे दिसते.

नागपूरला येणाऱ्यांत गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादकडचे रुग्ण असतात, आणि त्यांची खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते. वजन उतरले की तपासणीला कोणी येत नाही. बायपासच्या रुग्णाच्या पोटात काही महिन्यांनी वा वर्षांनी कळा आल्या, तर आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र दुर्बिणीचे बारीक व्रण पाहून कोणाला त्याची शंका येत नाही आणि ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले जाते. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे आणखी धोक्याचे. शरीरातले उरलेसुरले थायमिन (बी-1) त्यात खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, असा हा क्रम आहे. तो आणि केलेल्या जोडणीचे रेखाचित्र डिस्चार्ज कार्डावर मराठी-हिंदीत ठळक छापून द्यावे, आणि रुग्णाने त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.