प्रकृती पित्ताची, की पित्त फक्त वाढलंय?

आयुर्वेदात माणसाची प्रकृती, म्हणजे मूळची ठेवण, वात, पित्त आणि कफ या तीन दोषांवरून ओळखतात. वात म्हणजे सडपातळ बांधा, कोरडी त्वचा, हलकी झोप. पित्त म्हणजे कडकडून भूक, घाम, ऊन न सोसणं. कफ म्हणजे भरलेलं अंग, संथ चाल, गाढ झोप. एवढं आता बहुतेकांना पाठ असतं. तीन एकेरी (एकच दोष वरचढ), तीन दुहेरी (दोन वरचढ) आणि एक सम (तिन्ही सारखे), अशा सात प्रकृती, हेही.

घोटाळा पुढे होतो. मोबाइलवरची प्रश्नावली विचारते, छातीत जळजळ होते का? तोंड येतं का? डोळ्यांची आग होते का? तिन्हीला ‘हो’ म्हटलं की शिक्का बसतो: प्रकृती पित्ताची. या प्रश्नावल्यांचा मला मनापासून राग येतो. त्यातून कळते ती विकृती, म्हणजे सध्या कोणता दोष बिघडलाय ते.

आयुर्वेदाच्या मते प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि जन्मभर सोबत राहते. तो आजार नव्हे. विषात जन्मलेला किडा विषाने मरत नाही, तशी माणसाला त्याची प्रकृती बाधत नाही, असं सुश्रुतसंहितेत म्हटलंय. विकृती मात्र ऋतूमुळे, खाण्यामुळे, जागरणामुळे येते आणि जाते. पित्त पावसाळ्यात साठतं आणि शरदात, आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात, उसळतं. ते वाताच्या माणसाचंही उसळू शकतं.

समजा, एक मुलगी लहानपणापासून काटकुळी आहे. थंडीत टाचा फुटतात, जरा आवाज झाला की झोप मोडते. नवरात्रात उपास, साबुदाण्याची खिचडी, कपावर कप चहा आणि गरब्याची जागरणं. दसऱ्यापर्यंत छाती जळायला लागते. प्रश्नावली तिला पित्ताची ठरवते. ती थंड दूध, काकडी सुरू करते आणि तेवढ्यापुरतं बरंही वाटतं, कारण पित्त खरंच वाढलेलं असतं. पण ‘माझी प्रकृतीच अशी’ म्हणत ती जानेवारीतही तेच खाते. तीळ, लसूण, बाजरी सगळं ‘उष्ण’ म्हणून बंद. मग पोट फुगतं, शौचाला खडा होतो, सांधे कुरकुरतात. तिचा मूळचा वात तिनेच थंड आणि कच्चं खाऊन वाढवलेला असतो.

चरकसंहितेनुसार निरोगी माणसाने आपल्या प्रकृतीच्या उलट गुणांचा आहार-विहार ठेवावा. यातला ‘निरोगी’ हा शब्द लोक वाचतच नाहीत. बिघाड असेल तर आधी त्याचं पथ्य, आणि तो शमला की परत प्रकृतीनुसार. पित्ताचं पथ्य कायमचं फ्रिजवर चिकटवून ठेवू नका. आणि जळजळ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तक्ते बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

प्रकृती ओळखायची तर आईला किंवा आजीला विचारा: लहानपणी भूक कशी होती, थंडी सोसायची का, झोप कशी लागायची, पोट साफ असायचं का? गेल्या दोन महिन्यांतल्या तक्रारी त्यात धरू नका.

आणखी एक, कारण हे दर शरदात दिसतं: पित्त झालं म्हणून वाटीभर दही खाणं. दही हाताला गार लागलं तरी आयुर्वेद ते उष्ण आणि आंबट मानतो. शरदात आणि रात्री ते खाऊच नये असं सांगतो. त्या दिवसांत साळीच्या लाह्या, मुगाचं वरण, दुधी, आवळा आणि भातावर साजूक तूप घ्या.