शेअर्ड पॅरामीटर आणि शेड्यूल

शेअर्ड पॅरामीटर : बीआयएम (इमारतीचे माहितीसह संगणकी मॉडेल करण्याची पद्धत) मॉडेलमधील दार, खिडकी, खोली, पंप अशा घटकांना जोडलेला माहितीचा असा रकाना, जो अनेक फॅमिली (घटकांचे साचे), अनेक प्रकल्प, टॅग (नकाशावर घटकाशेजारी छापली जाणारी खूण) आणि शेड्यूल यांत एकच म्हणून ओळखला जातो. ही संज्ञा ऑटोडेस्क कंपनीच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमधली आहे. रेव्हिटची पहिली आवृत्ती 2000 साली आली आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले. शेड्यूल म्हणजे मॉडेलमधूनच तयार होणारा तक्ता. मुंबईतल्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांत हाताने किंवा कॅडमध्ये काढली जाणारी दारं-खिडक्यांची यादी, तिचेच हे रूप. मात्र मॉडेलमधले दार पुसले की तक्त्यातली ओळही जाते.

रेव्हिटमध्ये माहिती भरण्याचे मार्ग अनेक आहेत आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. फॅमिलीच्या आत केलेला साधा पॅरामीटर त्या दाराचा आकार बदलायला उत्तम, पण तो शेड्यूलमध्ये दिसत नाही आणि टॅगमध्येही येत नाही. प्रोजेक्ट पॅरामीटर शेड्यूलमध्ये येतो, टॅगमध्ये नाही; शिवाय तो त्या प्रकल्पापुरताच. जी माहिती नकाशावर टॅगमध्ये छापायची आहे आणि तक्त्यातही हवी आहे, तिच्यासाठी शेअर्ड पॅरामीटरच लागतो. तो फॅमिलीत घालता येतो, किंवा प्रकल्पात एखाद्या कॅटेगरीला (दारे, खोल्या अशा घटकांच्या वर्गाला) जोडता येतो. खोल्या, भिंती, स्लॅब यांना उघडण्याजोगी फॅमिली नसते, त्यामुळे तिथे कॅटेगरीला जोडण्याचाच मार्ग उरतो.

या पॅरामीटरच्या व्याख्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. ती नोटपॅडमध्ये उघडली की सुरुवातीलाच इंग्रजीत ताकीद दिसते : ही रेव्हिटची शेअर्ड पॅरामीटर फाइल आहे, हाताने बदलू नका. खाली आधी गटांची यादी, मग पॅरामीटरच्या ओळी. प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले तुकडे : सुरुवातीला 32 षोडशमान अंकांचा जीयूआयडी (त्या रकान्याचा एकमेव ओळखक्रमांक), मग नाव, माहितीचा प्रकार, गटाचा क्रमांक, वापरकर्त्याला दिसावा की नाही याची खूण, वर्णन वगैरे. फाइलीत किंमती, म्हणजे रकान्यात भरलेली मूल्ये, नसतात. एखाद्या दाराची अग्निरोधक क्षमता 120 मिनिटे आहे ही गोष्ट मॉडेलमध्ये साठते, फाइलीत फक्त ‘असा एक रकाना आहे’ एवढेच.

रेव्हिट हा रकाना ओळखते ते जीयूआयडीवरून. नाव आपल्या सोयीसाठी. या व्यवस्थेतल्या बहुतेक सोयी आणि जवळजवळ सगळ्या कटकटी एवढ्या एका गोष्टीतून निघतात. समजा, परळच्या एखाद्या टॉवरच्या मॉडेलमध्ये जिन्याच्या दारांची फॅमिली कार्यालयाने स्वतः बनवली आहे, तर शाफ्टच्या दारांची उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली आहे. दोन्हींत ‘अग्निरोधक अवधी’ नावाचाच शेअर्ड पॅरामीटर आहे, पण तो दोन वेगळ्या फाइलींतून आलेला. शेड्यूलच्या फील्डच्या यादीत मग तेच नाव दोनदा दिसते. एक रकाना घेतला तर जिन्याची दारे भरलेली आणि शाफ्टची कोरी. दुसरा घेतला तर उलट. टॅगचेही तेच : लेबल ज्या जीयूआयडीचे, त्याच दारांवर मजकूर उमटतो, बाकीच्यांवर कोरा टॅग. घाईत असलेला ड्राफ्ट्समन कोऱ्या जागी हाताने टेक्स्ट टाकतो, आणि तिथून पुढे नकाशा एक सांगतो, तक्ता दुसरे.

यावरचा रूढ उपाय किचकट आहे, पण खात्रीचा. फॅमिली उघडून परका पॅरामीटर आधी साधा फॅमिली पॅरामीटर करून घेतात, मग त्याच्या जागी कार्यालयाच्या फाइलीतला बसवतात आणि फॅमिली पुन्हा प्रकल्पात लोड करतात. फॅमिलीतली सूत्रे टिकतात. प्रकल्पात एकेका दारावर भरलेल्या किंमती मात्र जुन्या जीयूआयडीपाशीच अडकतात. त्या पुन्हा भराव्या लागतात किंवा डायनॅमोसारख्या, रेव्हिटमधली कामे आपोआप करून देणाऱ्या साधनाने हलवाव्या लागतात. म्हणून परकी फॅमिली आधी धुऊन मगच मॉडेलमध्ये घेण्याची शिस्त पाळणारी कार्यालये सुखी असतात.

दुसरा सापळा माहितीच्या प्रकाराचा. पॅरामीटर तयार करताना मजकूर, संख्या, लांबी, क्षेत्रफळ, होय-नाही यांपैकी एक प्रकार निवडावा लागतो आणि नंतर तो बदलता येत नाही. क्षेत्रफळाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून केला, की ‘27.88 चौ.मी.’ असे लिहिता येते, दिसतेही छान. पण त्याची बेरीज होत नाही. पॅरामीटर फॅमिलीत किंवा प्रकल्पात जोडताना ठरवायची दुसरी गोष्ट म्हणजे रकाना इन्स्टन्सचा (एकेका घटकाचा) की टाइपचा (त्या प्रकारच्या सगळ्यांचा). दाराची रुंदी टाइपची, कारण डी-2 हा प्रकार म्हटला की सगळी डी-2 दारे सारखीच. दार कोणत्या फ्लॅटचे, हे मात्र दरेक दाराचे वेगळे.

मुंबईत या साऱ्याचा कस लागतो तो क्षेत्रफळाच्या तक्त्यांत. रेराच्या 2016 च्या कायद्यानुसार कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत, पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती धरतात. रेव्हिटची खोली भिंतीच्या फिनिशपर्यंत मोजली तर आतल्या भिंती सुटतात, म्हणजे खोल्यांची बेरीज म्हणजे रेराचा आकडा नव्हे. त्यासाठी वेगळी एरिया स्कीम (क्षेत्रफळ मोजण्याची स्वतंत्र आखणी) करून फ्लॅटची हद्द आखावी लागते. त्या एरियांना फ्लॅट क्रमांक, विंग, विक्रीचा की पुनर्वसनाचा असे शेअर्ड पॅरामीटर जोडले, की एकाच तक्त्यातून विंगनिहाय बेरजा निघतात. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सदनिकेचे 27.88 चौ.मी., म्हणजे 300 चौ.फूट, सगळीकडे भरतात की नाही हेही तिथेच तपासता येते. पालिकेला चौरस मीटर हवेत आणि विक्री विभागाला चौरस फूट. तेव्हा तक्त्यात क्षेत्रफळाचा एक गणिती रकाना घालून त्याच्या फॉरमॅटमध्ये एकक बदलतात. 10.764 ने हाताने गुणून आकडा टाइप करणे हा याहून सोपा वाटणारा आणि हमखास गोत्यात आणणारा मार्ग आहे.

मोठ्या संकुलात पोडियम आणि प्रत्येक टॉवर यांच्या फाइली वेगळ्या ठेवून लिंक करतात. शेड्यूलमध्ये लिंकमधले घटक घेण्याची सोय आहे, पण सगळ्या फाइलींत तोच जीयूआयडी असेल तरच सर्वांची माहिती एका रकान्यात उतरते. पंप, पंखे, पॅनेल यांचा एकत्र मल्टी-कॅटेगरी तक्ता करतानाही तेच. परदेशी कंपन्यांसाठी मॉडेलिंग करणाऱ्या मुंबईतल्या कार्यालयांना ही फाइल बहुधा ग्राहकाकडूनच येते आणि तिला हात लावायची मुभा नसते.

आर्चिकॅड या दुसऱ्या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी प्रॉपर्टी मॅनेजर असतो. वेगळ्या सॉफ्टवेअरकडे माहिती पाठवताना आयएफसी या खुल्या स्वरूपात (आयएसओ 16739) हे रकाने प्रॉपर्टी सेटमध्ये, म्हणजे रकान्यांच्या नाव दिलेल्या गटांत, बसवले जातात. तिथे गटाचे आणि रकान्याचे नाव पाहिले जाते, रेव्हिटचा जीयूआयडी नव्हे. रेव्हिटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पॅरामीटर टेक्स्ट फाइलीऐवजी क्लाउडवर ठेवण्याची सोयही आली आहे.

टेक्स्ट फाइल वापरणारी कार्यालये ती सर्व्हरवर फक्त वाचण्यापुरती खुली ठेवतात आणि नवा रकाना घालण्याचा अधिकार बीआयएम मॅनेजरकडे असतो. फाइल हरवली तरी मॉडेल बिघडत नाही, कारण व्याख्या त्यात आधीच उतरलेल्या असतात. अशा वेळी त्याच नावाचे पॅरामीटर नव्याने करू नयेत. नवा पॅरामीटर नवा जीयूआयडी घेऊन येतो. जुन्या मॉडेलमधून ते नव्या फाइलीत एक्स्पोर्ट करून घेता येतात, आणि मूळ जीयूआयडी तसेच राहतात.