इन्फ्यूज्ड जॉइंट

गांजाच्या चुरलेल्या फुलोऱ्यात त्याच झाडापासून काढलेला घट्ट अर्क घालून वळलेली कागदी विडी. कॅनडात आणि अमेरिकेच्या काही राज्यांत ती परवानाधारक दुकानांत तयार मिळते. भारतात ती बाळगणे आणि ओढणे हे दोन्ही गुन्हे आहेत. गोव्यात हणजूण-हरमलच्या पट्ट्यात नाव नवे वाटले तरी वस्तू जुनीच आहे. सिगारेटीतली तंबाखू मोकळी करून तीत चरस कुस्करून भरायचा, हा तिचाच आधीचा अवतार. ‘साध्यापेक्षा जरा कडक’ अशी तिची ओळख करून दिली जाते, पण हा ‘जरा’ बहुतेक वेळा दुपटीच्या घरात असतो आणि कागदाबाहेरून दिसत नाही.

अर्क : मादी फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म केसांच्या टोकांना राळेच्या ग्रंथी असतात आणि नशा आणणारे टीएचसी मुख्यतः त्यांतच असते. पानांची भांग, फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस ही आपल्याकडची जुनी विभागणी या राळेच्या प्रमाणावरच उभी आहे. हिमाचलातील मलाण्याचा चरस ताजा फुलोरा तळहातांवर चोळून, हाताला चिकटलेली राळ खरवडून करतात. चाळणीतून झाडलेल्या ग्रंथींच्या भुकटीला कीफ म्हणतात. फुलोरा किंवा कीफ तापलेल्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला मधासारखा चिकट रस म्हणजे रोझिन. त्यात द्रावक लागत नाही. ब्युटेन वायूने काढलेले वॅक्स व शॅटर आणि ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले डिस्टिलेट हे कारखान्याचे काम. घरगुती ब्युटेनच्या खटाटोपात वायू खोलीत साचतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. असे भाजलेले रुग्ण अमेरिकेतील रुग्णालयांना परिचयाचे आहेत.

दुकानी फुलोऱ्यात टीएचसी साधारण १५ ते २५ टक्के, रोझिन-वॅक्समध्ये ६० ते ८०, डिस्टिलेटमध्ये ८० ते ९० टक्क्यांपर्यंत. हाताने चोळलेल्या चरसाचे प्रमाण गोळ्यागणिक बदलते, म्हणून त्याला एक आकडा देता येत नाही.

मात्रेचे गणित : अर्धा ग्रॅम फुलोरा, त्यात १५ टक्के टीएचसी, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. त्यात ८० टक्क्यांचा अर्क फक्त ०.१ ग्रॅम घातला की आणखी ८० मिलिग्रॅम. मुगाच्या दाण्यांएवढ्या दोन-तीन थेंबांनी विडी दुपटीहून कडक होते. जळताना बराच भाग नष्ट होतो, काही धुरात उडून जातो. विडीतल्या एकूण टीएचसीपैकी रक्तात पोचते ते साधारण १० ते ३५ टक्के. तरीही १५५ मिलिग्रॅमच्या विडीतून २५ टक्के धरले तर ३९ मिलिग्रॅम होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी जे प्रमाण एकक ठरवले ते ५ मिलिग्रॅमचे आहे. हा हिशेब मांडता येतो तो वेष्टनावर आकडे छापलेले असतात म्हणून. किनाऱ्यावर तोळ्याच्या भावाने मिळणाऱ्या मालाला ना लेबल ना तपासणी, तेव्हा इथे नवख्याच्या हाती अंदाजसुद्धा नसतो.

रचना व जळण : अर्क तीन प्रकारे घालतात. फुलोऱ्यात मिसळून; हातावर वळून त्याची बारीक वात करून ती मधोमध लांबीने ठेवून; किंवा कागदाला बाहेरून अर्क फासून त्यावर कीफ लोळवून. तयार शंकूला इथली पोरे ‘गोगो’ म्हणतात, तोंडाकडच्या पुठ्ठ्याच्या गुंडाळीला ‘रोच’.

बिघडते ते सहसा एकाच कारणाने: अर्क पेटण्याआधी वितळतो. वितळलेला अर्क खालच्या अंगाला उतरतो, तिथला फुलोरा तेलकट होऊन हवेची वाट बुजते. मग ओढलेली हवा कोरड्या अंगाने जाते, ती बाजू भराभर जळते आणि विडी एका कडेने होडीसारखी पोखरली जाते. ओल्या बाजूचा कागद आधी पारदर्शक, मग तपकिरी होतो. रोचच्या तोंडाशी काळा चिकट थेंब जमला तर अर्क जास्त झाला असे समजावे. वात मधोमध असली आणि तिच्याभोवती सर्व बाजूंनी सारखा फुलोरा असला तर हे कमी होते. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा इतकी दमट असते की कागद नुसता ठेवूनही मऊ पडतो. तेव्हा विडी विझणे रोजचेच. विझलेली विडी पेटवायला नवखा जोराने दम ओढतो, आणि नको तेवढी मात्रा नेमकी त्याच दमात जाते.

व्हेपच्या (तेल तापवून वाफ ओढण्याच्या बॅटरीवरच्या यंत्राच्या) कार्ट्रिजमधले तेल कागदावर ठिबकवण्याची शक्कल विशेष वाईट. अमेरिकेत २०१९-२० मध्ये पसरलेल्या फुफ्फुसविकाराचा संबंध अशा तेलात भेसळीला घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले.

नवख्या शरीरावर : परिणाम काही मिनिटांत जाणवतो, चढत जाऊन साधारण अर्ध्या तासात शिगेला पोचतो आणि दोन ते चार तासांत उतरतो. गोची मधल्या अर्ध्या तासात आहे. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा-तिसरा दम मारला जातो आणि सगळे एकदम चढते. जिथे हे कायदेशीर आहे तिथली शिफारस अशी की नवख्याने अर्काच्या विडीने सुरुवातच करू नये. केलीच तर एक छोटा दम, मग निदान १५ मिनिटे हात लावू नये. धूर छातीत कोंडून ठेवल्याने नशा फारशी वाढत नाही, कारण टीएचसीचा बराचसा भाग पहिल्या काही सेकंदांतच शोषला जातो. कोंडलेल्या धुरातून जास्तीचे मिळते ते डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. तंबाखू मिसळलेली असेल तर पहिली गरगर पुष्कळदा निकोटिनची असते. चरस-तंबाखूची सवय असलेल्या पुष्कळांना शेवटी चरसापेक्षा तंबाखू सोडणे जड जाते.

जास्त झाल्यावर नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढते, तोंड कोरडे पडते, खुर्चीतून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ‘आता मी मरतो’ अशी भीती दाटते. आधी बिअर झाली असेल तर रक्तातले टीएचसी आणखी वाढते; ओकारी आणि भोवळ बहुधा या जोडीचीच. अशा माणसाला सावलीत बसवावे, थोडे थोडे पाणी द्यावे, हे काही तासांत उतरेल असे शांतपणे सांगत राहावे, समुद्रात उतरू देऊ नये. झोपेत ओकण्याची शक्यता असेल तर कुशीवर निजवावे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, आकडी किंवा हाका मारूनही न जागणे अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि काय ओढले ते लपवू नये. हृदयविकार, घरात सायकोसिसचा (भास-भ्रमांच्या मनोविकाराचा) इतिहास, गरोदरपण आणि कोवळे वय यांत हा धोका वेगळ्याच पातळीचा होतो. १० टक्क्यांहून अधिक टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट दिसली, असा युरोपातील मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्काची विडी त्या रेषेच्या कितीतरी पुढे आहे.

कायदा : १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीच्या) कायद्यात ‘चरस’ म्हणजे कोणत्याही स्वरूपात वेगळी केलेली राळ, हशीश तेल आणि सघन अर्क त्यातच येतात. निव्वळ पानांची भांग व्याख्येबाहेर राहते, हा आपल्या कायद्याचा जुना चमत्कार. गांजाची ‘अल्प मात्रा’ १,००० ग्रॅमपर्यंत, चरसाची १०० ग्रॅमपर्यंत. व्यापारी मात्रा गांजासाठी २० किलो, चरसासाठी १ किलो. मिश्रणात नुसता अमली भाग मोजायचा की सगळे वजन, या वादात सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात २०२० मध्ये सगळे वजन धरावे असा निकाल दिला.

अल्प मात्रा बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सेवनासाठी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही. कलम २५ जागामालकासाठी आहे: जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या शॅकवाल्याला किंवा खोली भाड्याने देणाऱ्यालाही गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. परदेशातून आणलेली एकच विडी दाबोळी किंवा मोपा विमानतळावर बॅगेत सापडली तर बाळगण्याचा नव्हे, आयातीचा गुन्हा लागतो. ओढून भाड्याची स्कूटर चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचा वेगळा गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कलम ६४अ मध्ये एक सवलत आहे. सेवन किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने आपणहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. कायद्यात व्यसनाधीन म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेली व्यक्ती, त्यामुळे पहिल्याच दमाला पकडलेल्या नवख्याच्या हे कलम उपयोगी पडत नाही.