भाकरीतला स्टार्च आणि तो तोडणारी विकरे

सोलापूर-मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की दाणा कणसातच मोड धरतो आणि त्या पिठाची भाकरी थापताना फाटते. कारण मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. गरम पाण्यात मळल्यावर पिठाला चिकटपणा येतो तो याच साखळ्यांमुळे.

हे विकर आधी सापडले तेही धान्यातच. रसायनशास्त्रज्ञ किर्शहॉफने १८११ मध्ये सौम्य गंधकाम्लात स्टार्च उकळून साखर केली. पुढे चारच वर्षांत धान्यातल्या द्रव्यानेही तेच होते, तेही न उकळता, हे त्याने दाखवले. १८३१ मध्ये लॉइक्सने लाळेतही तोच गुण ओळखला. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आणलेल्या जवाच्या अर्कात अल्कोहोल घालून ते द्रव्य साक्याच्या रूपात वेगळे केले. नाव ठेवले डायस्टेज; तेच आजचे अमायलेज. १८४५ मध्ये बुशार्दा आणि सांद्रा यांनी स्वादुपिंडाच्या रसातही हा गुण दाखवला. खरे मोठे काम तिथेच होते.

तोंडात घास फार वेळ राहत नाही. जठरातले आम्ल घासात मुरेपर्यंत लाळेतले अमायलेज चालते, मग बंद पडते. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज साखळ्या माल्टोज या साखरेपर्यंत आणते. साखळीच्या फाट्यांवरचे बंध मात्र त्याला तुटत नाहीत. ते आतड्याच्या अस्तरावरची विकरे तोडतात, आणि तिथे ग्लुकोज होऊन रक्तात जाते. कच्च्या पिठातले स्टार्चचे कण घट्ट असल्याने विकर त्यांत सावकाश शिरते. पाणी आणि साधारण ७० अंशांची उष्णता मिळाली की ते फुगून मोकळे होतात. भाकरी थंड झाल्यावर, कडक भाकरीतही, त्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि सावकाश पचतो.

प्रयोग करायचा तर १ टक्का स्टार्चचे द्रावण उकळून पूर्ण निवू द्या, मगच लाळ घाला. गरम द्रावणात विकर मरते आणि आयोडीनने स्टार्चला येणारा निळा रंग जात नाही.

जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी १८९४ मध्ये बुरशीपासून डायस्टेज काढण्याचे पेटंट घेतले. आजच्या पाचक सिरपांवरही ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेले दिसते. स्वादुपिंड धड असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. हुलग्याच्या माडग्याने वायू होतो तो रॅफिनोजसारख्या शर्करांमुळे. त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते आणि डायस्टेजलाही त्या तुटत नाहीत.